सातबाऱ्यावरून गळलेलं बहिणीचं नाव: आधी कुठे जायचं आणि पन्नास हजार का द्यायचे नाहीत

ठाण्याला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: वडील २०११ साली वारले. मागे आई, एक भाऊ आणि त्या स्वतः. सातारा जिल्ह्यात साडेतीन एकर जिरायत, आजोबांपासून चालत आलेली. गेल्या महिन्यात त्यांनी सहज म्हणून महाभूमीवर सातबारा उघडला, तर खातेदार म्हणून फक्त भाऊ आणि आई. गावात विचारपूस केल्यावर कळलं की भावाने एकाकडून विसारही घेतलाय आणि दिवाळीच्या आत खरेदीखत करायचं घाटतंय. कार्यालयाबाहेर बसणाऱ्या एका माणसाने त्यांना सांगितलं, "पन्नास हजार द्या, साहेबांशी मी बोलतो, पंधरा दिवसांत नाव लावून देतो." ताईंनी दोन गोष्टी विचारल्यात. तेव्हाच्या तलाठ्याला मी घरातली मुलगी आहे हे माहीत होतं, मग त्याच्यावर गुन्हा दाखल करता येईल का? आणि प्रांताकडे अपील केलं तर नाव किती दिवसांत लागेल?

मी तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करते आणि त्यातली बरीच बहीण-भावांच्या वाटपाचीच असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, नाव किती दिवसांत लागेल असं तुम्ही विचारलंत, पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ त्या विसाराची वाटली. नाव आज ना उद्या लागेल. जमीन एकदा तिसऱ्याच्या नावे खरेदी झाली, त्याने तारेचं कुंपण घातलं, बँकेचा बोजा चढवला, की तुमचा हक्क बुडत नाही हे खरं, पण तो मिळवायला तुम्हाला भावाशी नव्हे तर पैसे मोजून बसलेल्या एका परक्या माणसाशी भांडावं लागतं. आधी खरेदी थांबवायची, मग हिस्सा ठरवून घ्यायचा आणि नावाचं काम त्याच्या मागोमाग चालू ठेवायचं. तुमच्या मनात हा क्रम उलटा बसलाय, आणि तो पन्नास हजारवाला माणूस नेमका त्याच्यावर पैसे मागतोय.

सातबाऱ्याबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. फेरफाराने, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलणाऱ्या नोंदीने, कुणाला मालकी मिळत नाही आणि फेरफारात नाव नाही म्हणून कुणाची मालकी जातही नाही. महसुलाची नोंद ही सारा कुणाकडून घ्यायचा यासाठी असते, हे सर्वोच्च न्यायालयाने बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग (१९९७), सूरज भान (२००७) आणि जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश (२०२१) अशा निकालांतून वारंवार सांगितलंय. म्हणून नोंद बिनकामाची असंही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे हक्कनोंदीतली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. ते सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं, एवढाच त्याचा अर्थ. मृत्यूचा दाखला, तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, लग्नपत्रिका यांवर तुम्ही त्या घरच्या मुलगी आहात हे सिद्ध होतं. या बाबतीत तुमची बाजू भक्कम आहे.

आता हिस्सा. बहुतेक घरांत "जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली" यावर तासन्‌तास वाद होतो. तुमच्या घराची मांडणी बघता त्या वादाने आकडा बदलत नाही. वडिलांची स्वतःची धरली तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी हे पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाला एक तृतीयांश. वडिलोपार्जित धरली तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटप झालं असं कायदा मानतो: वडील, आई, भाऊ, तुम्ही, प्रत्येकी एक चतुर्थांश. मग वडिलांचा चौथा हिस्सा तिघांत समान, म्हणजे प्रत्येकी एक बारांश. एक चतुर्थांश अधिक एक बारांश, पुन्हा एक तृतीयांशच. फरक पडतो तो मृत्युपत्र निघालं तर. स्वकष्टार्जित असेल तर वडील सगळंच भावाला लिहून देऊ शकत होते. वडिलोपार्जित असेल तर फक्त स्वतःचा चौथा हिस्सा. म्हणून भावाने मृत्युपत्र पुढे केलं, तर "जमीन आजोबांची आहे" हा मुद्दा तुमच्यासाठी फार मोलाचा ठरेल. आजोबांच्या नावाचे जुने फेरफार आत्ताच काढून ठेवा.

तुमचं लग्न १९९८ साली झालं असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून कुणीतरी तुम्हाला "१९९४ नंतर लग्न झालेल्यांनाच हक्क" असं सांगितलेलं दिसतं. ही अर्धवट माहिती गावोगाव फिरते. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायिकीचा, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मानेच मिळणाऱ्या हिश्श्याचा, हक्क दिला होता, आणि त्यात त्या दिवसाआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत लग्नाची अट उरलीच नाही. ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. पुढे वडील त्या दिवशी हयात हवेत का, यावर सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल वेगवेगळ्या दिशांना गेले. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते मिटवलं: मुलीचा हक्क जन्माने, वडील हयात असोत वा नसोत. तुमचे वडील तर २०११ साली गेले, म्हणजे जुन्या, कडक अर्थानेही तुम्ही आतच बसता. फक्त एक तारीख ध्यानात असू द्या, २० डिसेंबर २००४. त्याआधी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने वाटप झालं असेल तर ते कायम राहतं. "आमच्यात तोंडी वाटणी झाली होती" हे नुसतं म्हणून चालत नाही. सरकारी कागदांवर ते आधीपासून दिसत असेल तरच, आणि तेही अपवाद म्हणून, कोर्ट ऐकतं.

काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आता सांगते, कारण तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. पहिलं आणि सगळ्यात मोठं: तुम्ही कधी हक्कसोडपत्रावर सही केलीय का? "आठवत नाही" हे उत्तर मी खूपदा ऐकते. वडिलांच्या वर्षश्राद्धाला गेलात, भावाने तालुक्याला नेलं, कुठल्याशा कार्यालयात अंगठ्याचा ठसा आणि फोटो घेतला, असं काही झालं असेल तर आत्ताच वकिलाला सांगा. नोंदणीकृत हक्कसोडपत्र असेल तर आधी ते रद्द करून घ्यावं लागतं, आणि त्याची मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं आहे. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गावाचं नाव आणि गट नंबर टाकून सगळे दस्त पाहता येतात. ते आज रात्रीच करा. दुसरं, जमीन कुळकायद्याने मिळालेली किंवा नवीन शर्तीची (सरकारने अटींवर दिलेली) आहे का, कारण तशी असेल तर विक्रीवर कायद्याच्या अटी असतात आणि त्या पाळल्या नसतील तर ते तुमच्या हाती एक वेगळं हत्यार आहे. आणि हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन, शीख कुटुंबांसाठी. मुस्लिम कुटुंबांचा वारसा वेगळ्या नियमांनी चालतो, आणि गोव्यात तर वारसाहक्काचा २०१२ चा स्वतंत्र कायदा आहे. म्हणून हे उत्तर वाचून दुसऱ्या कुणी जसंच्या तसं उचलू नये.

आता मुख्य कागद. २०११ च्या त्या वारस नोंदीची फाईल. ताई, फक्त सातबारा घेऊन वकिलाकडे जाऊ नका. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज द्या आणि तीन गोष्टी मागा: गाव नमुना ६ मधला फेरफार, गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवही, आणि फेरफाराला जोडलेली सगळी कागदपत्रं, म्हणजे वर्दी (वारसांची तलाठ्याला दिलेली लेखी खबर), प्रतिज्ञापत्र, जबाब, नोटिसा. टाळाटाळ झाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज; तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

ही नक्कल हातात आली की ती कशी वाचायची ते सांगते. फेरफाराच्या पानावर चार रकाने असतात. दुसऱ्या रकान्यात मजकूर: "अमुक दिनांकास मयत, वारस खालीलप्रमाणे..." आणि खाली नावं. तिथे तुमचं नाव मुळातच नाही, की आहे पण पुढे सातबाऱ्यावर चढवताना गळलंय, हे पाहा. आमच्याकडे अनेक वर्षं मुलींची नावं खातेदाराच्या रकान्यात न घेता "इतर हक्कात" ढकलायची रीत होती, तेव्हा सातबाऱ्याचा इतर हक्कांचा रकानाही डोळ्यांखालून घाला. भावाच्या नावापुढे "ए.कु.मॅ." अशी अक्षरं असतील तर जपून ठेवा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागलेलं नाव म्हणजे जमीन एकत्र कुटुंबाची असल्याची सरकार दरबारी नोंद, आणि असा मॅनेजर मनाला येईल तसं विकू शकत नाही. शेवटच्या रकान्यात मंडळ अधिकाऱ्याचा शेरा असतो: "नोटीस रुजू, हरकत नाही, नोंद मंजूर." त्याखालची तारीख आणि नोटिसीची तारीख शेजारी ठेवून बघा. हरकतीसाठी पंधरा दिवस द्यायचे असतात. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात नोटीस सोमवारची आणि मंजुरी त्याच आठवड्यातल्या शुक्रवारची होती. आणि नोटिसीच्या पोचेवर लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या दोन्ही बहिणींच्या नावासमोर एकाच हस्ताक्षरात "भावामार्फत" लिहून भावाची सही होती. तो एक कागद पुढे कोर्टात चार साक्षीदारांपेक्षा जास्त कामाला आला.

यातूनच तुमच्या तलाठ्याच्या प्रश्नाकडे येते. संहितेच्या कलम १५०(२) मध्ये स्पष्ट लिहिलंय की नोटीस फक्त कागदावर नाव असलेल्यांनाच द्यायची नाही. ज्याचा हितसंबंध आहे असं मानायला तलाठ्याकडे कारण आहे, त्यालाही द्यायची. म्हणजे "वर्दीत नाव नव्हतं, मी काय करू" हा बचाव पुरता नाही. मयताला मुली किती, हा प्रश्न विचारणं हेच त्या खुर्चीचं काम आहे. मला हे मनापासून वाटतं: गावातल्या बाईसाठी सरकार म्हणजे हीच खुर्ची असते. मंत्रालयातल्या निर्णयाने तिचं जेवढं नुकसान होत नाही तेवढं या एका न विचारलेल्या प्रश्नाने होतं. मात्र मी हेही पाहते की एका तलाठ्याकडे अनेकदा दोन-तीन सजांचा (गावांच्या गटांचा) भार असतो, आणि भावाने "एवढेच वारस" असं शपथेवर लिहून दिलं, सोबत दोन पंचांनी सह्या केल्या, तर नोंद होऊन जाते. दुर्लक्ष आणि भ्रष्टाचार यांतला फरक कागदावर दाखवता आला पाहिजे.

आणि तो २०११ च्या प्रकरणात दाखवणं कठीण आहे. अधिकाऱ्याच्या निर्णयाशी जोडलेल्या आरोपाची चौकशी करायला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७अ प्रमाणे २०१८ पासून आधी मंजुरी लागते. तो तलाठी निवृत्त झाला असेल तर विभागीय चौकशीचं दारही जवळपास बंद, कारण निवृत्तिवेतन नियमांत चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेवर निवृत्तीनंतर नव्याने कारवाई सुरू करता येत नाही. नोकरीत असेल तर नोटिसीच्या पोचेसारखा ठोस कागद जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार जरूर करा. भावाच्या खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल पोलिसांत गेलात तर "हे दिवाणी आहे" असं ऐकायला मिळण्याची शक्यता जास्त. ते उत्तर नेहमी बरोबर नसतं, पण त्यामागे धावण्यात जो वेळ जाईल त्यात खरेदीखत होऊन जाईल. सध्या तुमची ताकद तिथे घालवू नका.

आजची मागणी मात्र वेगळी गोष्ट आहे. कार्यालयाबाहेरचा तो माणूस सरकारी नोकर नसला तरी, अधिकाऱ्यावर वजन टाकून काम करून देतो म्हणून पैसे मागणं हा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७अ चा गुन्हा आहे. आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर देणारा पण सुटत नाही. भाग पाडून द्यावे लागले असतील आणि सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवलं, किंवा आधी तिला कळवून तिच्या मदतीसाठीच दिले, तरच देणाऱ्याला संरक्षण आहे. तुम्ही अजून दिलेले नाहीत, ते उत्तम. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. तक्रार दिली की ते आधी पडताळणी करतात, म्हणजे पंचांसमक्ष, आवाज रेकॉर्ड करत, मागणी खरोखर होते का ते पाहतात. ही पडताळणी फार महत्त्वाची, कारण नोटा सापडल्या म्हणून गुन्हा शाबीत होत नाही. मागणी सिद्ध व्हावी लागते. नीरज दत्ता प्रकरणात २०२२ च्या डिसेंबरमध्ये घटनापीठाने सांगितलं की तक्रारदार पुढे फिरला किंवा वारला तरी इतर पुराव्यांवरून मागणी सिद्ध करता येते. जागेवर पकडण्याच्या कारवाईला कलम १७अ ची आधीची मंजुरीही लागत नाही. तो माणूस स्वतःच्या जिवावर पैसे मागतोय की आत खरंच कुणी वाटेकरी आहे, हे त्या पडताळणीतच बाहेर येतं. तुम्ही अंदाजाने कुणाचं नाव घेऊ नका. तक्रार करायची की नाही हा निर्णय तुमचा. तुम्ही ठाण्यात, आई गावात, हे मला कळतं. पण पैसे देणं हा पर्याय यादीतूनच काढा.

याला व्यवहारी कारणही आहे. नोटीस न काढता पंधरा दिवसांत लावलेलं नाव भाऊ अपिलात तितक्याच सहज उडवेल, आणि तेही ज्या मुद्द्यावर तुम्ही त्याची नोंद उडवू पाहताय त्याच मुद्द्यावर.

सरळ मार्गाने नाव लावायचं तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ खाली अपील. मुदत साठ दिवसांची, ती कधीच गेली, म्हणून सोबत विलंब माफीचा अर्ज. त्यात "मला अमुक दिवशी ऑनलाइन सातबारा पाहून कळलं" ही तारीख नीट मांडायची. त्या दिवशी डाउनलोड केलेला उतारा जोडायचा. किती दिवस लागतील याचं उत्तर मी देत नाही. ते त्या कार्यालयातल्या कामाच्या ढिगावर आणि समोरचा किती तारखा मागतो यावर आहे. प्रांतांनी तुमच्या बाजूने दिलं तरी भाऊ अपर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार, पुढे विभागीय आयुक्त आहेतच. आणि एवढं सगळं होऊनही महसूल अधिकारी हिस्सा ठरवू शकत नाहीत. अपील कराच, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

जमीन थांबवते ती दिवाणी कोर्टाची मनाई. वाटप आणि स्वतंत्र ताबा मिळावा म्हणून दावा दाखल करायचा, आणि त्याच दिवशी तात्पुरत्या मनाईचा अर्ज. आमच्या कोर्टांत त्याला निशाणी ५ म्हणतात. कोर्ट तीन गोष्टी बघतं: प्रथमदर्शनी तुमचं काही आहे का, मनाई न दिल्यास जास्त गैरसोय कुणाची, आणि नंतर पैशाने भरून न निघणारं नुकसान होईल का. वारस असल्याचे कागद, वगळलेला फेरफार आणि विक्रीच्या हालचालीचा पुरावा, एवढं असेल तर निदान "जैसे थे" आदेश मिळायला हरकत नसावी. विक्रीच्या हालचालीचा पुरावा हाच बहुधा कच्चा राहतो. ई-सर्चवर साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) सापडलं तर फारच छान. खरेदीदाराच्या वकिलाने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली असेल तर तिचं कात्रण ठेवा आणि तिच्या मुदतीत लेखी हरकत रजिस्टर पोस्टाने पाठवा. दाव्यात खरेदीदारालाही प्रतिवादी करा.

दावा दाखल होईपर्यंतच्या दिवसांत एक काम लगेच करता येतं. खरेदीदाराला वकिलामार्फत नोटीस: या जमिनीत माझा अविभक्त हिस्सा आहे, वाटप झालेलं नाही, व्यवहार केलात तर तुमच्या जोखमीवर. ही नोटीस पोचली की "मला माहीतच नव्हतं, मी प्रामाणिक खरेदीदार" हा त्याचा बचाव संपतो. माझ्या अनुभवात निम्मे व्यवहार या नोटिसीनेच थंड पडतात, कारण साडेतीन एकराचे पैसे कोर्टकज्जात अडकवायला कुणालाच नको असतात.

दुय्यम निबंधकाकडे "खरेदीखत नोंदवू नका" असा अर्ज देऊन लोक निर्धास्त होतात. तसं होऊ नका. निबंधकाला मालकी तपासायचा अधिकार नाही. तामिळनाडूचा तसा एक नियम सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये रद्दच केला. निबंधकाकडे खरं काम वेगळं आहे. दावा चालू असताना झालेली विक्री दाव्याच्या निकालाला बांधील राहते, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२. पण जुन्या मुंबई प्रांताने १९३९ साली त्यात दुरुस्ती केली, आणि ती जिथे लागू आहे तिथे दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवल्याशिवाय हे संरक्षण मिळत नाही. मी वाद घालत बसत नाही, प्रत्येक दाव्यात ती नोटीस नोंदवूनच घेते. तुमच्या वकिलांना आठवण करून द्या. आणि महाभूमीच्या "आपली चावडी"वर तुमच्या गावाचे नवे फेरफार अधूनमधून बघत जा. खरेदी झालीच तर त्या फेरफारावर पंधरा दिवसांत हरकत देता येईल, म्हणजे नोंद तक्रारीत जाते.

मुदतीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण भावाचा वकील पहिला तोच काढेल. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून वगळलेल्या व्यक्तीला हिस्सा मागायला बारा वर्षं असतात, आणि ती वगळल्याचं कळल्यापासून मोजतात. २०११ पासून बारा वर्षं उलटून गेलीत. म्हणून सगळं भांडण "तुम्हाला केव्हा कळलं" यावर येणार. भाऊ म्हणेल, नोटीस तेव्हाच मिळाली होती. त्याला उत्तर त्या २०११ च्या फाईलमध्ये आहे. नोटिसीवर तुमची सही नसेल, तर त्याचं म्हणणं टिकणं अवघड. शिवाय एका सहहिस्सेदाराने जमीन कसली म्हणून दुसऱ्याचा हक्क जात नाही. त्याने तुमचा हक्क उघडपणे नाकारला होता हे दाखवावं लागतं. दरवर्षी तो तुम्हाला ज्वारीचं पोतं, शेंगा, काही पैसे पाठवत होता का? असेल तर त्याचे मेसेज, बँकेतल्या नोंदी काढून ठेवा. वाटा पोचत होता याचा अर्थ हक्क मान्य होता.

उलटतपासात दोन प्रश्न हमखास येतील, आत्तापासून मनाची तयारी ठेवा. "तुमच्या लग्नात एवढा खर्च केला, दागिने दिले, ते हिश्श्यापोटीच ना?" लग्नाचा खर्च म्हणजे वारसाहक्क फिटला असं कायदा मानत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २०२३ मध्ये हेच सांगितलं: हुंडा दिला असं धरलं तरी मुलीचा घरच्या मिळकतीतला हक्क संपत नाही. दुसरा प्रश्न, "रस्ता झाल्यावर भाव वाढले म्हणूनच आलात ना?" खरं असेल ते सांगा. भाव वाढला म्हणून हक्क मागणं हा काही अपराध नाही. चिडून उत्तर दिलंत तर मात्र नुकसान तुमचंच.

आईबद्दल तुम्ही फार जपून लिहिलंय: "ती भावाकडे राहते, तिला मध्ये ओढायचं नाही." पण एक तृतीयांश तिचाही आहे, आणि ती दाव्यात पक्षकार असावीच लागते, तिच्याशिवाय दावाच अपुरा. कागदावर प्रतिवादी लिहिलं म्हणजे तिच्यावर काही आरोप केला असं होत नाही. हे तिला समन्स जाण्याआधी तुम्ही स्वतः भेटून सांगा, पोस्टमनच्या हातून कळू देऊ नका. आणि भावाशी एकदा तरी शांतपणे बोला, शक्यतो दोघांनाही मान्य असलेल्या कुणा वडीलधाऱ्यासमोर. तो तयार झाला तर नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं, किंवा सगळ्यांच्या संमतीने तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली खातेफोड होते. दावा चालू असतानाही लोकअदालतीत तडजोड होऊ शकते, आणि तिच्यावर अपील नसल्याने वाद तिथेच संपतो. जमीन विकायचीच असेल आणि तुम्हालाही हरकत नसेल, तर तिघांच्या सह्यांनी विका आणि तुमचा हिस्सा थेट तुमच्या खात्यात घ्या. बोलणी चालू आहेत म्हणून मनाईचा अर्ज मात्र लांबवू नका. बोलण्यात गुंतवून ठेवून खरेदी उरकणं, हे मी पाहिलेलं आहे.

हुकूमनामा झाला म्हणजे जमीन लगेच ताब्यात येत नाही, हेही आत्ताच माहीत असू द्या. आधी हिस्से ठरतात. मग शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, भूमी अभिलेखचे लोक मोजणी करतात आणि सरस-निरस मानाने, म्हणजे जमिनीचा कस बघून, पोटहिस्से पाडतात. रस्त्याकडेची पट्टी कुणाला आणि ओढ्याकडची कुणाला, हा दुसरा वाद तिथे उभा राहतो. दाव्यातच मागणी करून ठेवा की रस्त्याला लागून असलेल्या क्षेत्रातही हिस्सा मिळावा.

खर्चाची भीती वाटत असेल तर दोन गोष्टी. शेतजमिनीच्या वाटपाला कोर्ट फी बाजारभावावर नसते, साऱ्याच्या आकाराच्या पटीत असते, त्यामुळे ती अंगावर येत नाही. आणि विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीचं कार्यालय कोर्टाच्या आवारातच असतं; साध्या कागदावर अर्ज चालतो. दावा जमीन जिथे आहे त्या तालुक्यातच लागणार, तेव्हा वकीलही तिथलाच बघा, ठाण्याहून ये-जा करणारा नको.

या आठवड्यात एवढं करा: ई-सर्च, अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज, आणि खरेदीदाराला नोटीस. वकिलाकडे जाताना आजचा सातबारा आणि ८-अ (खाते उतारा), आजोबांच्या नावाचा जुना उतारा, वडिलांचा मृत्यूचा दाखला, तुमचा शाळेचा दाखला आणि लग्नानंतर नाव बदलल्याचा पुरावा न्या. २०११ ची नक्कल हाती यायला उशीर होत असेल तर तिच्यासाठी दावा अडवू नका. निशाणी ५ च्या अर्जासोबत नकलेच्या अर्जाची पोच जोडता येते, आणि नक्कल नंतर दाखल करता येते.